परसांतील दुधी : मांडवापासून पानापर्यंत

स्वयंपाकघराच्या मागील दारांतून चार पावलें बाहेर पडावें, मांडवाखालीं उभें राहून वर पाहावें, आणि लोंबणाऱ्या फळांपैकीं आजच्या जेवणापुरतें एक निवडून घरांत यावें, या सुखाची बरोबरी मंडईंतील कोणत्याहि खरेदीनें होत नाहीं. भाजी ताजी मिळते हा लाभ तर आहेच. परंतु घरांतील लहानथोर सर्वांचे हात ज्या एका कामास लागूं शकतात असें दुसरें काम आतां फारसें उरलेलें नाहीं, आणि परसांतील वेल तें काम घरीं बसल्या पुरवितो, हा त्याहूनहि मोठा लाभ होय.

भाज्यांच्या पंक्तींत दुधीला मानाचें पान कोणी देत नाहीं. आजाऱ्याचें पथ्य, म्हाताऱ्यांची सोय, मुलांनीं नाक मुरडण्याचें निमित्त, इतकीच त्याची ख्याति. तरीहि आम्हीं या लेखासाठीं मुद्दाम त्याचीच निवड केली आहे. त्याचें एक कारण असें कीं, अगदीं नवशिक्या माणसाच्या हातांतहि यश देणारा इतका उदार वेल दुसरा नाहीं. दुसरें कारण अधिक गंभीर आहे. शेंकड्यांनीं गोड फळांमध्यें एखादा दुधी केव्हां तरी कडू निघतो. आणि कडू दुधी हा केवळ बेचव नसून विषारी असतो. ज्या घरांत एका पातेल्यांतील भाजी दहा-बारा पानांवर वाढली जाते त्या घरांत ही गोष्ट प्रत्येकास ठाऊक असलीच पाहिजे. तिचा विचार पुढें विस्तारानें करूं. आधीं या वेलाची ओळख करून घेऊं.

कुळकथा

दुधीचें संस्कृत नांव अलाबू. तुम्बी असेंहि त्यास म्हणतात. अथर्ववेदांत अलाबुपात्राचा उल्लेख आहे, आणि मनुस्मृतींत यतीनें बाळगावयाच्या पात्रांमध्यें लांकूड, माती व वेळू यांच्या पात्रांबरोबर भोपळ्याचें पात्र सांगितलें आहे. कोवळेपणीं अन्न व्हावें आणि जून झाल्यावर भांडें व्हावें, असा हा दुहेरी उपयोग. तिसरा उपयोग आपल्या महाराष्ट्रानें जगास ऐकविला आहे. मिरजेच्या सतारी व तंबोरे ज्या भोपळ्यांपासून बनतात ते पंढरपूरच्या बाजूस पिकतात. या मिरजेच्या वाद्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तो तुंबा व आपल्या ताटांतील दुधी हे एकाच जातीचे भाऊबंद आहेत. मात्र तुंब्याचा गर कडू असतो, हें येथें लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञ दुधीचें मूळ आफ्रिका खंडांत मानतात. कोलंबसाच्या कितीतरी आधीं तो अमेरिकेंतहि होता. आणि २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासावरून असें दिसतें कीं, त्याचीं वाळलेलीं, पोकळ व हलकीं फळें अटलांटिक महासागरावर तरंगत आफ्रिकेहून पलीकडच्या किनाऱ्यास लागलीं असावींत. याच्या उलट आपला लाल भोपळा अमेरिकेचा, आणि युरोपीय दर्यावर्दी तिकडे जाऊन आल्यानंतरच तो आपल्याकडे आला. त्याचा सख्खा चुलतभाऊ म्हणजे ज्यास इंग्रज लोक समर स्क्वॉश, म्हणजे उन्हाळी भोपळा, म्हणतात तो. झुकिनी या नांवानें तो आतां मोठ्या शहरांच्या मंडईंत दिसूं लागला आहे. मेक्सिकोच्या दक्षिणेकडील एका गुहेंत या कुळाच्या सुमारें १०,००० वर्षांपूर्वींच्या बिया सांपडल्या आहेत. उन्हाळी हें विशेषण पिकाच्या हंगामापेक्षां खाण्याच्या रीतीवरून आलें आहे: जें फळ साल मऊ असतांना कोवळेंच खावयाचें तें उन्हाळी, आणि जें पिकवून, साल टणक करून हिंवाळ्यासाठीं सांठवावयाचें तें हिंवाळी. या दृष्टीनें पाहतां त्यांच्या परसांत जें स्थान उन्हाळी भोपळ्याचें, तेंच आपल्या परसांत दुधीचें, दोडक्याचें व पडवळाचें आहे.

लाल भोपळा हा पाहुणा खरा, परंतु तो इतका घरचा झाला कीं ऋषिपंचमीच्या भाजींतहि त्यास पान मिळालें. भाद्रपद शुद्ध पंचमीस बैलाच्या श्रमानें पिकलेलें अन्न वर्ज्य मानतात, आणि हातानें खणून, हातानें शिंपून वाढविलेल्या भाज्यांचीच त्या दिवशीं योजना करतात. अळू, माठ, भेंडी, सुरण यांच्या जोडीला पडवळ, दोडका व भोपळा आलाच. ही चाल पाहिली म्हणजे परसांतील वेलाला आपल्या वर्षाच्या क्रमांत केवढें नेमकें स्थान होतें तें कळून येतें. मृगाच्या पावसांत लाविलेला वेल साधारण दोन महिन्यांत फळें देऊं लागतो, म्हणजे तो ऐन श्रावण-भाद्रपदांत हाताशीं येतो.

आळें आणि मांडव

दुधीच्या लागवडीचे आपल्याकडे दोन हंगाम आहेत. पहिला पावसाळ्याच्या आरंभीं, म्हणजे जून-जुलै महिन्यांत. दुसरा थंडी ओसरूं लागल्यावर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारींत. कडक थंडींत बीं नीट उगवत नाहीं.

दीड फूट लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा घ्यावा. त्यांत चांगलें कुजलेलें शेणखत दोन घमेलीं घालून तें मातींत मिसळावें. खत कच्चें असेल तर मुळें भाजतात. दुधीच्या बियांचें टरफल टणक असतें. म्हणून त्या रात्रभर कोमट पाण्यांत भिजत घालाव्या व सकाळीं एका आळ्यांत चार, सुमारें एक इंच खोल, पेराव्या. उबदार हवेंत आठवड्याभरांत अंकुर वर येतात. पुढें दोन जोमदार रोपें ठेवून बाकीचीं कात्रीनें कापावीं. उपटूं नयेत, उपटल्यास शेजारच्या रोपाचीं मुळें दुखावतात. पावसाळ्यांत आळें भोंवतालच्या जमिनीपेक्षां उंच असावें, कारण पाणी सांचलें कीं मूळ कुजतें. उन्हाळ्यांत तें खोलगट असावें, म्हणजे पाणी टिकतें. ज्यांना अंगण नाहीं, केवळ गच्ची आहे, त्यांनीं निदान चाळीस लिटर माती मावेल असें पिंप घ्यावें व त्याच्या बुडाला भोकें पाडावीं. लहान कुंडींत वेल वाढतो पण फळत नाहीं.

मांडव पुरुषभर उंचीचा असावा. फळ लोंबत राहिलें म्हणजे सरळ व डागाशिवाय वाढतें, आणि खालून चालतांना डोक्याला लागत नाहीं. वेल मांडवावर पोहोंचला कीं त्याचा शेंडा खुडावा. नवख्या माणसाला हें निर्दयपणाचें वाटतें, पण त्यांत युक्ति आहे. दुधीच्या मुख्य वेलावर नरफुलांचा भरणा फार असतो. मादीफुलें अधिक येतात तीं बाजूच्या फांद्यांवर. शेंडा खुडल्यानें फांद्या फुटतात, आणि फांद्या फुटल्यानें फळें वाढतात.

दिवेलागणीचें काम

“वेलाला फुलें पुष्कळ येतात हो, पण सारीं गळून जातात,” ही तक्रार घरोघरीं ऐकूं येते. तिचें उत्तर फुलाच्या देंठापाशीं आहे. दुधीच्या वेलावर नर व मादी अशीं दोन प्रकारचीं फुलें निरनिराळीं येतात. नरफुलाला लांब सडपातळ देंठ असतो. मादीफुलाच्या पाकळ्यांखालीं इवलासा लवदार दुधी आधींच तयार असतो. आरंभींचे कांहीं दिवस बहुतेक नरफुलेंच येतात. तीं गळणारच, आणि त्याचें वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. परंतु मादीफूल जेव्हां दोन-तीन दिवसांत पिवळें पडून गळतें तेव्हां त्यास पराग मिळाला नाहीं असें बहुधा समजावें.

येथें एक मौजेची गोष्ट आहे. लाल भोपळा, काकडी, कारलें, घोसाळें यांचीं पिवळीं फुलें सकाळीं उमलतात व मधमाशा त्यांचें काम करतात. दुधी व पडवळ यांचीं पांढरीं फुलें, आणि पिवळें असूनहि दोडक्याचें फूल, हीं मात्र सायंकाळीं उमलतात. दुधीचें काम मुख्यतः अंधारांत फिरणारे पतंग करतात, आणि सकाळीं तें फूल मलूल होऊन जातें. शहरांत, दिव्यांच्या झगमगाटांत आणि उंच इमारतींच्या गच्चींवर, हे पतंग पुरेसे येत नाहींत. मग तें काम माणसानें करावयाचें. सायंकाळीं एक ताजें नरफूल तोडावें, त्याच्या पाकळ्या मागें दुमडाव्या, आणि मधला परागयुक्त दांडा मादीफुलाच्या मध्यभागीं हलकेच फिरवावा. एका नरफुलांत दोन मादीफुलांचें काम होतें.

आमची सूचना अशी कीं, हें काम घरांतील मुलांकडे सोंपवावें. देवापाशीं दिवा लागण्यापूर्वीं दहा मिनिटें मांडवाखालीं, आणि मग हात-पाय धुऊन परवचा. पुस्तकांतील वनस्पतिशास्त्राचा धडा चार वेळां वाचून जें डोक्यांत शिरत नाहीं तें या दहा मिनिटांत शिरतें. आणि ज्या फळास आपण जन्म दिला त्या फळाच्या भाजीस मुलें सहसा नाक मुरडीत नाहींत, असा आमचा अनुभव आहे.

पराग मिळाल्यावर बारा ते पंधरा दिवसांत फळ काढण्याजोगें होतें. साल फिकट हिरवी व तुकतुकीत असावी, तिच्यावर बारीक लव असावी, आणि नख सहज रुतावें. एखादें फळ मोहानें जून होऊं दिलें तर वेल आपलें सारें बळ बियांकडे वळवितो व नवीं फळें धरणें सोडून देतो. म्हणून बियाण्याचें फळ वगळून बाकीचीं वेळच्या वेळीं काढावीं, आणि जास्त झालीं तर शेजारीं वाटावीं.

शत्रु आणि उपाय

या वेलाचे मुख्य शत्रु चार. पहिला लाल भुंगेरा. तो कोवळ्या रोपांचीं पानें चाळणीसारखीं करतो. पहांटे तो गारठलेला व सुस्त असतो, तेव्हां हातानें वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकावा. पानांवर दंव असतांना चुलीची चाळलेली राख धुरळावी. दुसरी फळमाशी, ती कोवळ्या फळांत अंडीं घालते व आंत अळ्या होऊन फळ सडतें. फळ बोटाएवढें होतांच त्यावर कागदाची किंवा मलमलीची पिशवी बांधावी, आणि सडून पडलेलें फळ मांडवाखालीं कधींहि राहूं देऊं नये. खोल पुरावें, नाहींतर त्यांतूनच पुढची पिढी बाहेर पडते. तिसरा केवडा हा रोग. पावसाळी दमट हवेंत पानांवर पिवळे कोनाकृति ठिपके पडतात. अशीं पानें खुडून दूर टाकावीं व मांडव विरळ ठेवावा. चौथी भुरी; पानांवर पिठासारखा पांढरा थर येतो. भुरीवर एक घरगुती उपाय शास्त्रीय कसोटीस उतरला आहे. ब्राझील देशांत १९९९ सालीं उन्हाळी भोपळ्यावर प्रयोग करतां, गाईचें ताजें दूध पाण्यांत मिसळून आठवड्याच्या अंतरानें फवारल्यास भुरी आटोक्यांत राहते असें दिसून आलें. एक भाग दूध व नऊ भाग पाणी हें प्रमाण घरीं पुरेसें आहे.

कडू निघाला तर

आतां मुख्य विषयाकडे वळूं. दुधी, काकडी, भोपळा या सर्व कुळांत क्युकरबिटेसिन नांवाचीं अति कडू द्रव्यें असतात. रानटी वेलानें जनावरांपासून आपला बचाव व्हावा म्हणून धारण केलेलें तें शस्त्र होय. माणसानें हजारों वर्षें गोड फळांचेंच बीं राखीत राखीत तें शस्त्र बोथट केलें. परंतु तें समूळ नाहींसें झालेलें नाहीं. केव्हां तरी बियाण्यांत संकर झाल्यानें तें पुन्हां धार धरतें. पाण्याची ओढ व हवेचा ताण यांनींहि कडूपणा वाढतो असें शास्त्रज्ञ मानतात.

असा कडू दुधी पोटांत गेला असतां थोड्याच वेळांत मळमळ, पोटांत तीव्र कळा, वांत्या व जुलाब सुरू होतात. पुढें वांतींतून रक्त पडतें, रक्तदाब उतरतो, आणि क्वचित् प्राणावर बेततें. आपल्या देशांत आरोग्यासाठीं म्हणून दुधीचा कच्चा रस पिणाऱ्यांना अशी बाधा होऊन मृत्यु घडल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीनें तज्ज्ञांची समिति नेमली गेली, आणि तिचा अहवाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. तिचा उपदेश साधा आहे: रस काढण्यापूर्वीं फळाचा लहान तुकडा चाखून पाहावा, कडू लागल्यास तें फळ सर्वस्वी टाकावें, आणि रस प्याल्यावर अस्वस्थ वाटल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. या विषाला उतारा नाहीं. लक्षणें पाहून सलाईन वगैरे उपचार करावे लागतात. म्हणून घरगुती काढ्यांत वेळ दवडणें धोक्याचें आहे.

रसाचें सोडा, शिजवून खाल्लें तर काय, असें कोणी विचारील. हें विष शिजविल्यानें नाहींसें होत नाहीं. जर्मनींत २०१५ सालीं एका वृद्ध गृहस्थांस शेजाऱ्यांनीं आपल्या बागेंतील झुकिनी प्रेमानें दिल्या. भाजी शिजवूनच केली होती. ती कडू लागली म्हणून पत्नीनें थोडी खाऊन सोडली. पतीनें पुष्कळ खाल्ली. दोघांनाहि बाधा झाली. पत्नी वांचली, पति दगावला. कडू भोपळा सर्व तीर्थांत बुचकळला तरी कडूच राहतो, हा दृष्टांत आपण कीर्तनांत ऐकत आलों. तो अध्यात्मासाठीं सांगितलेला असला तरी स्वयंपाकघरांतहि अक्षरशः खरा आहे. धुणें, पिळणें, मीठ लावणें, गूळ घालणें, यांपैकीं कशानेंहि धोका टळत नाहीं.

काकडीचा शेंडा कापून घासण्याची आपली चाल आहे, व काकडीचा कडूपणा बहुधा देंठाकडे एकवटलेला असल्यानें तेवढा भाग काढल्यावर उरलेली काकडी गोड लागते. हा नियम दुधीला लावूं नये. दुधीचा तुकडा कडू लागला कीं संपूर्ण दुधी टाकावा, आणि तो जनावरांपुढेंहि ठेवूं नये.

येथें आपल्या घरांतील दोन चांगल्या नियमांची अडचण होते, आणि तिचा उलगडा मोकळेपणानें केला पाहिजे. पहिला नियम असा कीं, नैवेद्य दाखविण्यापूर्वीं अन्न चाखावयाचें नाहीं. हा नियम मोडण्याची कांहींच गरज नाहीं. चव पाहावयाची ती शिजलेल्या भाजीची नव्हे, तर चिरण्यापूर्वीं फळाची. देंठाकडील पातळ चकती कापावी, जिभेच्या टोकाला लावावी, थुंकून चूळ भरावी, हात धुवावे आणि मग चिरावयास बसावें. ती चकती स्वयंपाकांत जात नाहीं. म्हणून उष्ट्याचा प्रश्न उद्भवत नाहीं. भाजी निवडतांना किडका भाग जसा आपण पाहून काढतों तशीच ही परीक्षा आहे. दोन दुधी चिरावयाचे असतील तर दोन्ही चाखावे. एकाच वेलाचे असले तरी.

दुसरा नियम असा कीं, पानांत वाढलेलें टाकावयाचें नाहीं. अन्नाचा मान राखणारा हा नियम आम्हांस अत्यंत प्रिय आहे. परंतु त्याच्या जोरावर आपण मुलांना “मुकाट्यानें खा” असें म्हणतों, सून भाजी बिघडली असें कोणी म्हणूं नये म्हणून गप्प बसते, आणि वडील माणसें तिचें मन मोडूं नये म्हणून कडू घांस गिळतात. तिघांचीहि वृत्ति चांगली, आणि परिणाम मात्र भयंकर! म्हणून आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, दुधी, काकडी, दोडका, भोपळा यांच्या बाबतींत पानावरच्या कोणीहि “कडू लागतें” असें म्हणतांच सर्वांनीं हात थांबवावा. लहान मूल म्हणालें तर अधिकच थांबवावा, कारण मुलांची जीभ कडू चवीस आपल्यापेक्षां तीक्ष्ण असते. कारल्याचा कडूपणा निराळा; तो त्या भाजीचा धर्मच आहे. जें फळ गोड असावयास हवें तें कडू लागलें तर ती सूचना होय, आणि सूचना ऐकणें हा अन्नाचा अपमान नव्हे. अन्नं ब्रह्म म्हणणाऱ्यांनींच विषाला अन्न समजण्याची चूक होऊं देऊं नये.

बीं राखण्याची रीत

हा धोका वेलावर कसा येतो हें कळलें म्हणजे तो टाळतांहि येतो. कारल्याशेजारीं दुधी लाविला तर दुधी कडू होतो, अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं आहे; ती निराधार आहे. कारलें व दुधी यांचा संकर होत नाहीं. लाल भोपळा व दुधी यांचाहि होत नाहीं. परंतु कडू तुंबा आणि गोड दुधी हे एकाच जातीचे असल्यानें त्यांचा संकर सहज होतो. तोहि या वर्षींच्या फळांत दिसत नाहीं. पतंगानें कोठून तरी तुंब्याचा पराग आणला तरी यंदाचें फळ गोडच लागेल. त्या फळाच्या बिया मात्र बिघडलेल्या असतील, आणि त्यांपासून पुढील वर्षीं उगवलेल्या वेलाचीं फळें कडू होऊं शकतात. म्हणूनच “आपल्या घरचें बीं, त्यांत काय पाहावयाचें” हा विश्वास पुरेसा नाहीं. त्याच कारणानें उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाचें फळ खाऊं नये.

ज्यांना घरचें बीं राखावयाचें आहे त्यांनीं असें करावें. ज्या वेलाचीं फळें चाखून गोड ठरलीं त्याच वेलावरील एक मादीफूल व दोन नरफुलें, त्याच सायंकाळीं उमलतील अशीं, सकाळीं पाहून ठेवावीं व त्यांच्या टोकांना दोरा बांधावा. सायंकाळीं दोरे सोडून हातानें पराग लावावा, आणि मादीफूल पुन्हां बांधून टाकावें. देंठाला रंगीत दोरा गुंडाळून खूण करावी. हें फळ तोडूं नये. वेलावरच जून होऊं द्यावें. साल वाळून टणक झाली व हालविल्यावर आंत बिया वाजूं लागल्या कीं काढावें, बिया धुऊन सावलींत वाळवाव्या, आणि राख घालून डब्यांत ठेवाव्या. अशा बिया तीन वर्षें तरी चांगल्या उगवतात. एवढी खटपट होत नसेल त्यांनीं दर वर्षीं खात्रीचें विकत बीं घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं.

पाकसिद्धि

दुधींत शेंकडा ९६ च्या आसपास पाणीच असतें. म्हणून त्यास वरून पाणी घालून शिजविणें ही त्याची चव घालविण्याची रीत होय. सर्व कृतींत चव पाहण्याची पहिली पायरी गृहीत धरली आहे.

डाळ घालून भाजी : अर्धी वाटी चण्याची डाळ दोन तास भिजवावी. अर्धा किलो दुधीच्या फोडी कराव्या. तेलांत मोहरी, हिंग, हळद, कढीलिंब व हिरव्या मिरचीची फोडणी करून आधीं डाळ परतावी. ती निम्मी शिजली कीं फोडी घालून पातेल्यावर झांकण ठेवावें व झांकणांत पाणी घालावें. वाफेवर भाजी शिजते. शेवटीं मीठ, सुपारीएवढा गूळ व मूठभर ओलें खोबरें घालावें. डाळ अख्खी राहिली पाहिजे, पण बोटानें दाबतां मोडली पाहिजे.

भरीत : दुधीच्या फोडी वाफवून गार कराव्या व हातानें कुस्कराव्या. त्यांत गोड दहीं, दाण्याचें कूट, मीठ व किंचित् साखर घालून वरून तुपांत जिरें व मिरचीची फोडणी द्यावी. दहीं फोडी गार झाल्यावरच घालावें, नाहींतर फुटतें.

सालींची चटणी : दुधीच्या कोवळ्या साली किंवा दोडक्याच्या शिरा बारीक चिरून थोड्या तेलांत मंद विस्तवावर कुरकुरीत होईपर्यंत परताव्या. त्यांत भाजलेले तीळ, किसून भाजलेलें सुकें खोबरें, तिखट, मीठ व कणभर साखर मिसळून हातानें चुरावें. भाकरीबरोबर ही चटणी पाहुण्यांनाहि आवडते, आणि घरांत कांहीं वायां जात नाहीं.

हलवा : एक किलो दुधी सोलून, बिया व मधला भुसभुशीत गर काढून किसावा. कीस उघडा ठेवूं नये, काळवंडतो. अर्धी वाटी तुपांत तो पाणी आटेपर्यंत परतावा, मग अर्धा लिटर दूध घालून आटवावा, आणि सर्वांत शेवटीं पाव किलोस थोडी कमी साखर घालावी. साखर आधीं घातल्यास कीस वातड होतो. वेलदोडा पुरे, हिरवा रंग घालण्याचें कारण नाहीं.

झुकिनी मिळाल्यास तीहि याच रीतीनें शिजते. मात्र ती फार लवकर मऊ होते, म्हणून डाळ आधीं पूर्ण शिजवून घ्यावी. पीठ पेरून केलेल्या भाजीला ती विशेष चांगली. आपल्या हवेंत तिची लागवड हिंवाळ्यांत करावी. तिला मांडव लागत नाहीं, झुडुपासारखी बसकी वाढते, आणि पन्नास दिवसांच्या आंत-बाहेर फळ देते. चाखून चिरण्याचा नियम तिलाहि लागू आहेच.

शेवटीं एक विनंति. मांडवाला बहर आला कीं फळें शेजारीं जातात, आणि हंगाम सरला कीं बियांच्या पुड्या लेकीसुनांच्या माहेरीं-सासरीं जातात. ही देवघेव चालूं राहावी. मात्र पुडीवर वेलाचें वर्ष लिहावें, आणि ज्या वेलाचें फळ चाखून गोड ठरलें त्याच्याच पुडीवर “गोड” असें लिहावें. ज्याची खात्री नाहीं तें बीं कितीहि जुनें घराण्याचें असलें तरी देऊं नये. आणि फळ अगर बीं कोणाच्या ओंजळींत घालतांना, जसें हळदकुंकू लावतांना आपण आठवणीनें दोन शब्द बोलतों तसे, हे तीन शब्द आठवणीनें बोलावे : चाखून मग चिरा.